वैर परक्यांशी, हुकूम पोटच्यांवर

ज्यूलिएट भेटण्याआधी रोमिओ कुणासाठी झुरत असतो? नाव अनेकांना आठवतं: रोझलाइन. ती रंगमंचावर येत नाही, तिच्या तोंडी एक वाक्य नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढे कुणी विचार करत नाही. पण कॅप्युलेटच्या, म्हणजे ज्यूलिएटच्या बापाच्या, घरच्या मेजवानीला कुणाकुणाला बोलावलंय ती यादी नाटकात मोठ्याने वाचली जाते, आणि त्या यादीत रोझलाइनचा उल्लेख कॅप्युलेटच्या नात्यातली मुलगी म्हणून येतो. म्हणजे तीसुद्धा शत्रूच्याच गोटातली. रोमिओ तिच्यासाठी उसासे टाकतोय हे त्याच्या सोबत्यांना, बेन्व्होलिओला ठाऊक आहे, मर्क्युशिओला ठाऊक आहे, धर्मगुरू लॉरेन्सलाही ठाऊक आहे. सगळे त्याला चिडवतात, समजावतात, दुसरी बघ म्हणतात. ‘अरे, ती त्यांच्यातली’ असं मात्र एकजणही म्हणत नाही. रोमिओची तक्रार एवढीच की तिने कुणाच्या प्रेमात न पडण्याचं व्रत घेतलंय.

मग हेच वैर दुसऱ्या दिवशी जिवावर कसं उठतं?

मला याचं उत्तर असं दिसतं: रोझलाइनच्या बाबतीत लग्नाची गोष्ट कुठे निघालेलीच नव्हती. दूरच्या नात्यातल्या मुलीसाठी शेजारच्या घरातल्या पोराने कविता रचल्या तर घराण्याचं काय बिघडतं? ज्यूलिएट मात्र कॅप्युलेटचं जगलेलं एकच अपत्य. घर, नाव, मिळकत, सगळं तिच्या लग्नावर टांगलेलं. वैर जागं होतं ते तिथे.

या नाटकाबद्दल, आणि त्या जातीच्या सगळ्याच शोकनाट्यांबद्दल, आपण वर्षानुवर्षं एक सोपं वाक्य बोलत आलो आहोत. दोन घराण्यांचं वैर, त्यात दोन कोवळे जीव चिरडले. वर्गात हेच शिकवलं जातं, प्रयोगानंतर बाहेर पडताना हेच बोललं जातं. वाक्य खोटं नाही, पण फार सोयीचं आहे, आणि सोयीचं आहे ते थोरामोठ्यांच्या. कारण त्यात दोष कायम कुंपणावर राहतो. मी म्हणतो, कुंपण सोडा, घरात बघा. या नाटकांमधलं वैर बाहेरच्या शत्रूवर जेवढं चालतं त्याहून जास्त घरातल्या माणसांवर चालतं. घरातली पोरं ताब्यात ठेवण्याचं ते हत्यार आहे, आणि म्हणूनच शेवटी त्या हत्याराने पोरंच मरतात.

रोमिओ-ज्यूलिएटचंच बघा. वैर जुनं आहे, एवढंच सूत्रधार सांगतो. कशावरून सुरू झालं ते पाच अंकांत कुणी सांगत नाही. व्हेरोनाचा राजा एस्कलस म्हणतो की एका पोकळ शब्दावरून शहरात तीनदा मारामाऱ्या झाल्या. कोणता शब्द, तेही नाही. पहिला प्रवेश नोकरांचा आहे. एक जण अंगठा चावून दाखवतो आणि तलवारी निघतात. म्हातारा कॅप्युलेट धावत येतो, माझी तलवार आणा म्हणून ओरडतो, आणि त्याची बायको म्हणते, तलवार कसली मागताय, कुबडी मागा! पुढच्याच प्रवेशात हाच गृहस्थ ज्यूलिएटला मागणी घालायला आलेल्या पॅरिसला सांगतो की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता पाळणं काही अवघड जाऊ नये. थोडक्यात, ज्यांच्या नावाने वैर चाललंय तेच दमलेले आहेत.

मेजवानीचा प्रवेश तर माझ्या मते सगळ्या नाटकाची किल्ली आहे. मुखवटा घालून आलेल्या रोमिओला टिबाल्ट आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागवतो. कॅप्युलेट त्याला अडवतो. वर रोमिओची तारीफ करतो, सारं शहर त्या पोराला सद्गुणी आणि शहाणा म्हणतं, म्हणून. टिबाल्ट ऐकत नाही. तेव्हा कॅप्युलेट खवळतो, आणि खवळून काय म्हणतो? इथला मालक मी की तू? शत्रूचा मुलगा दिवाणखान्यात उभा आहे याचा त्याला राग नाही. पुतण्या आपला शब्द मोडतोय याचा आहे. (टिबाल्ट खरं तर त्याच्या बायकोचा भाचा, पण ताबा सांगताना कुणी इतकं बारीक नातं बघत नाही.)

आता तिसऱ्या अंकातला शेवटचा प्रवेश. ज्यूलिएट पॅरिसशी लग्नाला नाही म्हणते. बाप तिला म्हणतो, तू माझी असशील तर मी तुला माझ्या मित्राला देईन, नसशील तर फाशी घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. इतकं भयानक बोलणं या नाटकात कुठल्याच शत्रूने शत्रूला ऐकवलेलं नाही. आणि या बोलण्याचा वैराशी काडीचा संबंध नाही. तिचं रोमिओशी काही आहे हे बापाला माहीतही नाही. ज्यूलिएटचं मन एखाद्या परगावच्या व्यापाऱ्याच्या मुलावर जडलं असतं, रोमिओचं माँटेग्यू घराणं व्हेरोनात नसतंच, तरी हा प्रवेश शब्दशः असाच झाला असता. आई पाठ फिरवते. जिने दूध पाजलं ती दाईसुद्धा शेवटी म्हणते, पॅरिसशी लग्न करून टाक. ज्यूलिएट एकटी पडते ती आपल्याच घरात, आपल्याच माणसांमध्ये.

याच बापाने पहिल्या अंकात पॅरिसला सांगितलं होतं की मुलगी अजून चौदाचीही नाही, घाई नको, आधी तिचं मन जिंक, माझी संमती त्यानंतर. मग तो असा का फिरला? मधल्या काळात टिबाल्ट रोमिओच्या हातून मारला गेलाय. आणि पॅरिस राजाचा नातलग आहे. घरातला तरुण तलवारबाज गेल्यावर त्याच रात्री म्हातारा मुलीचं लग्न राजाच्या नातलगाशी पक्कं करतो, तारीख ठरवतो, पुढे ती आणखी अलीकडे ओढतो. नाटकात हे कुणी उघड बोलत नाही, हा माझा अर्थ आहे. पण क्रम बघितला की दुसरं काय वाटावं? वैरात खोट बसली, ती मुलीच्या लग्नातून भरून काढायची.

कुणी म्हणेल, वैर नसतं तर रोमिओने सरळ मागणी घातली असती, आणि कॅप्युलेट त्याची तारीफ करतोच आहे, मग अडचण काय होती? मुद्दा बिनतोड आहे. वैराने काहीच केलं नाही असं मी म्हणतच नाही. वैराने मागणी घालण्याचा दरवाजा बंद केला. पण दरवाजा बंद झाल्याने प्रेम थांबलं का? नाही. प्रेमाला चोरवाट धरावी लागली, आणि माझ्या मते वैर या नाटकांत प्रेमाला जो आकार देतं तो हाच: गुपित आणि घाई. शेक्सपिअरच्या हाताशी आर्थर ब्रुकची 1562 सालची दीर्घकविता होती. तिच्यात ज्यूलिएट सोळाच्या आसपासची आहे आणि कथा काही महिने चालते. शेक्सपिअरने तिचं वय तेरावर आणलं आणि सगळा प्रकार रविवार ते गुरुवार अशा चार-पाच दिवसांत कोंबला. ओळख रात्री, लग्न दुसऱ्या दुपारी. विचारायला कुणी नाही, थांबायला वेळ नाही. सगळा भार एका धर्मगुरूवर, एका औषधावर आणि एका पत्रावर. पत्र नेणारा साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र पोचतच नाही. याला नशीब म्हणायचं? उघड्या घरांमध्ये एक पत्र चुकलं तर दुसरं जातं, माणूस जातो, निरोप जातो. जिथे सगळं चोरून चालतं तिथे एक पत्र चुकलं की सगळं संपतं. सूत्रधार सुरुवातीलाच ग्रहताऱ्यांवर खापर फोडून मोकळा होतो, पण पत्र ताऱ्यांनी अडवलेलं नाही.

वैराशिवायही हेच यंत्र चालतं, याचा पुरावा जर्मन नाटककार शिलरच्या ‘कारस्थान आणि प्रेम’ या 1784 सालच्या नाटकात आहे. तिथे दोन घराण्यांचं भांडण नाही; दरबारातल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि एका वादकाची मुलगी. तरीही पुन्हा तेच: बापाचा हुकूम, सक्तीने घातलेली गुपिताची शपथ, एक पत्र (तेही धमकावून लिहवून घेतलेलं) आणि सरबतात कालवलेलं विष. वैर काढून घेतलं तरी शोकांतिका जागची हलली नाही. बापाचा हुकूम काढून घेतला असता तर मात्र नाटक उरलंच नसतं.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण काढावी लागते. ‘काव्यशास्त्रा’त तो म्हणतो की शत्रूने शत्रूला मारलं तर त्यात करुणा जागवणारं फारसं काही नाही, भावाने भावाला, मुलाने बापाला, आईने मुलाला मारलं की मग शोकनाट्य. या हिशेबाने दोन घराण्यांची मारामारी हा शोकनाट्याचा विषयच होऊ शकत नाही. तो होतो तो प्रेमामुळे, कारण प्रेम शत्रूला नातलग करतं. टिबाल्ट रोमिओला आव्हान देतो तेव्हा रोमिओचं गुप्त लग्न नुकतंच लागलेलं असतं. तासाभरापूर्वी टिबाल्ट माझा नातलग झाला, असं रोमिओ स्वतःच म्हणतो. टिबाल्टला ते माहीत नाही, मर्क्युशिओला माहीत नाही, गर्दीतल्या कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना दिसतेय शत्रूशी शत्रूची गाठ. प्रेक्षकाला एकट्याला दिसतंय की हे घरातलं भांडण आहे. रोमिओ लढत नाही, त्याच्याऐवजी मर्क्युशिओ टिबाल्टशी लढतो आणि मरतो, तो या न सांगता येणाऱ्या नात्यामुळे.

हा विचार टोकाला नेला हाइनरिश फॉन क्लाइस्ट या जर्मन नाटककाराने, ‘श्रोफेनश्टाइन घराणं’ या 1803 साली छापून आलेल्या नाटकात. आपल्याकडे हे नाटक फारसं कुणी वाचत नाही याची मला खंत आहे. एकाच कुळाच्या दोन शाखा. त्यांच्यात वारशाचा जुना करार: एका शाखेचा वंश खुंटला तर तिची मिळकत दुसरीला. आपल्या भाषेत भाऊबंदकी! करार झाला होता मिळकत कुळातच राहावी म्हणून, आणि त्याच करारामुळे आता दोन्ही घरं एकमेकांकडे खुनी म्हणून बघतात. इकडे कुणाचं मूल मेलं की तिकडचा हात असणार, हे गृहीतच. नाटक सुरू होतं तेच एका लहान मुलाच्या शवपेटीपाशी, सूड उगवण्याच्या शपथेने. शपथ घ्यायला लावतो तो बाप, रुपर्ट. आणि शपथ घेतो त्याचा तरुण मुलगा, ओटोकार. तो प्रेमात आहे दुसऱ्या घरातल्या आग्नेसच्या. शेवटच्या अंकात दोघं डोंगरातल्या गुहेत भेटतात. बाप मागावर आहे हे कळल्यावर ओटोकार तिला वाचवायला कपड्यांची अदलाबदल करतो. रुपर्ट येतो आणि आग्नेसच्या कपड्यांतल्या आपल्याच मुलाला भोसकतो. थोड्या वेळाने तिचा बाप सिल्व्हेस्टर येतो, ओटोकारच्या कपड्यांतली आकृती बघतो आणि आपल्याच मुलीला मारतो. कोण मेलंय हे ओळखतो तो आंधळा आजोबा, हाताने चाचपून. ज्या मुलाच्या शवपेटीवर शपथ घेतली ते मूल कुणी मारलेलंच नव्हतं. बुडून मेलं होतं.

टीकाकारांना हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटला, आणि तंत्राच्या दृष्टीने तो आहेही. पण मला त्यातला हिशेब अचूक वाटतो. बाप मारायला निघाला होता दुसऱ्याचं मूल, मेलं आपलं. क्लाइस्टने कपडे बदलून फक्त ते दाखवलं जे बाकीच्या नाटकांत झाकलेलं असतं.

त्याच्या तीसेक वर्षं आधी, युरोपपासून फार दूर, जपानच्या ओसाकामध्ये बाहुली-नाट्यासाठी लिहिणाऱ्या चिकामात्सु हान्जी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला होता. ‘इमोसेयामा’ हे नाटक 1771 सालचं. मधोमध नदी, दोन काठांवर दोन घरं, जमिनीवरून वैर. एकीकडे हिनादोरी ही मुलगी, दुसरीकडे कोगानोसुके हा मुलगा, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम. एक जुलमी सत्ताधीश दोन्ही घरांकडे त्यांची मुलं मागतो: तिला अंतःपुरात, त्याला चाकरीला. तिची आई आणि त्याचा बाप यांचा संकेत ठरतो की मूल हुकूम मानून जिवंत राहिलं तर फुललेली चेरीची डहाळी नदीत सोडायची. दोघंही फुललेली डहाळी सोडतात, आणि दोघंही खोटं सांगत असतात. माझं मूल जात असलं तरी पलीकडचं तरी वाचावं, म्हणून. पलीकडचंही वाचत नाही. मग आई मुलीचं शिर बाहुल्यांच्या सणाच्या चिमुकल्या संसारासोबत पाण्यावरून पलीकडे पाठवते. तीच तिची पाठवणी. इथली आईबापं क्रूर नाहीत, उलट वैर विसरून एकमेकांची मुलं वाचवू बघताहेत. तरीही मारतात आपापलं मूल, आपल्या हाताने किंवा आपल्या संमतीने. मूल घराचं आहे, त्याच्या मरणाचा निर्णयही घराचा आहे, यात त्या जगात कुणालाच काही वावगं वाटत नाही. जुलमी सत्ताधीशाचं काम त्यामुळे सोपं होतं.

स्पॅनिश नाटककार लॉर्काच्या ‘रक्तविवाहा’त, म्हणजे 1933 साली, हे एका बाईच्या तोंडी येतं. वराच्या आईचा नवरा आणि एक मुलगा फेलिक्स घराण्याशी झालेल्या वैरात गेलेत. उरलेल्या एकुलत्या मुलाची नवरी लग्नाच्याच दिवशी लिओनार्दोबरोबर पळून जाते, आणि हा लिओनार्दो फेलिक्सांपैकी. जुने खून पडले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, असं नाटकात सांगितलंय. आई मुलाला म्हणते, जा, त्यांच्या मागावर जा. लगेच म्हणते, नको, जाऊ नकोस, ती माणसं झटकन आणि नेमकं मारतात. आणि त्याच दमात म्हणते, पण हो, धाव, मी मागून येते. मुलगा परत येतो तो मरूनच. शेवटचं मूल कोण पाठवतंय, कुणासाठी पाठवतंय, हे त्या तीन वाक्यांत आहे. मला या साऱ्या नाट्यपरंपरेत यापेक्षा खरं काही वाचल्याचं आठवत नाही.

माझ्या म्हणण्याला अडणारं एक नाटक मात्र आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. फ्रेंच नाटककार कॉर्नेयचं 1637 सालचं ‘ल सिद’. राजपुत्राचा शिक्षक कुणाला नेमायचं यावरून शिमेनचा बाप रॉद्रिगच्या म्हाताऱ्या बापाला थप्पड मारतो. म्हाताऱ्याच्या हाताला तलवार पेलत नाही, म्हणून तो ती मुलाच्या हाती देतो. इथवर माझंच म्हणणं: बापाचा अपमान, मुलाचा हात. पण पुढे रॉद्रिग शिमेनच्या बापाला मारतो, आणि शिमेन त्याच्यावर प्रेम करत असूनही राजाकडे त्याचं शिर मागते. तिला कुणी भाग पाडत नाही. हुकूम देणारा बाप तर मेलाय. रॉद्रिगही म्हणतो की सूड घेतला नसता तर मी तुझ्या लायक राहिलो नसतो. इथे वैर बाहेरून लादलेलं नाही, दोघांच्या अभिमानात मुरलेलं आहे, आणि त्या अभिमानावरच दोघं एकमेकांवर भाळलेली आहेत. मी याला अपवाद म्हणून बाजूला सारणार नाही. हुकूम इतका मुरला की द्यायला बापाची गरज उरत नाही, असं मला म्हणता येईल, पण ते शिमेनवर अन्याय करणारं वाटतं. ती कुणाच्या हातची बाहुली नाही. गंमत म्हणजे वैर स्वतः वाहणारी ही दोघंच शेवटी जिवंत राहतात.

आता प्रश्न उरतो तो रंगमंचावरचा, आणि तो आजचा आहे. अलीकडच्या प्रयोगांत घराण्यांच्या वैराला कारण पुरवण्याची पद्धत पडली आहे. दोन टोळ्या, दोन वंश, दोन धर्म, सीमेच्या दोन बाजू. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर घडणारी ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही संगीतिका होऊन हीच कथा 1957 साली आली तेव्हापासून तर हा राजमार्गच झाला. दिग्दर्शकांची बाजू मला समजते. जिथे खरोखर एक बाजू बलवान आणि दुसरी दुबळी आहे तिथे ‘दोन्ही घराणी सारखीच’ म्हणणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं. हे मान्य, आणि ज्याला तो अन्याय दाखवायचा आहे त्याने खुशाल दाखवावा. शिलरने दाखवलाच होता. पण मग ते वेगळं नाटक आहे. कारण दिलं की प्रेक्षक त्या कारणाचा निकाल लावतो आणि सुटतो. माणसांमधला हा भेद गेला की सगळं ठीक होईल, असं म्हणत घरी जातो, त्याच घरी, जिथे मुलीच्या लग्नाचा शब्द अजून कुणा दुसऱ्याचाच चालतो. शेक्सपिअरने वैराची जागा रिकामी ठेवली आहे. ती रिकामीच राहू दिली की नजर आपोआप कॅप्युलेटच्या बैठकीकडे वळते. मला विचाराल तर दिग्दर्शकाने तलवारींच्या मारामारीवर थोडं कमी कष्ट घ्यावेत आणि बाप-लेकीच्या त्या प्रवेशावर जास्त.

शेवटच्या प्रवेशाचा शेवट तर अनेक प्रयोगांत कापलेलाच असतो, म्हणजे प्रेतं पडली की दिवे मंद. तो कापू नये. राजा तिथे कबूल करतो की तुमच्या भांडणांकडे काणाडोळा केल्याने माझेही दोन आप्त गेले. मग कॅप्युलेट माँटेग्यूचा हात मागतो, आणि म्हणतो, हा हात म्हणजेच माझ्या मुलीच्या नावे लावायची सासरची मिळकत, याहून जास्त मी काय मागणार? मुलगी पुढ्यात मरून पडली आहे आणि बापाच्या तोंडी अजून लग्नाच्या बोलणीतले शब्द आहेत. माँटेग्यू त्यावर म्हणतो, मी याहून जास्त देऊ शकतो. तिचा पुतळा उभारीन, शुद्ध सोन्याचा. कॅप्युलेट लगेच उत्तर देतो, मग रोमिओचा पुतळाही तितकाच भारी होईल, तिच्या शेजारी.